श्वासपटल कोणाच्या खात्यात येतं?

प्रति,
पोटविकार, शल्यचिकित्सा आणि छातीविकार विभागांतले सर्व डॉक्टर,
तसंच या विभागांचं कामकाज ठरवणारे रुग्णालय-प्रशासक

विषय : दम लागलेल्या रुग्णाचं पोट तपासण्याबाबत आणि पोटाच्या रुग्णाचा श्वास मोजण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी श्वसनाची फिजिओथेरपिस्ट आहे. आपण राउंड घेऊन पुढे गेलात की मागे राहून पेशंटला खोकायला, बसायला, चालायला लावणारी. या कामात एक सोय आहे, ती म्हणजे मला स्वतःचा वॉर्ड नाही. सकाळी शल्यचिकित्सेच्या वॉर्डात, दुपारी छातीच्या, मध्येच आयसीयूतून बोलावणं. त्यामुळे आपल्याला जे दोन वेगळ्या फायलींत दिसतं ते मला बऱ्याचदा एकाच माणसात दिसतं. पोटाच्या वॉर्डातला पेशंट धापा टाकत असतो आणि फायलीवर शेरा असतो, 'छातीचं मत घ्यावं'. छातीच्या वॉर्डातल्या पेशंटचं पोट तट्ट फुगलेलं असतं आणि शेरा असतो, 'पोटाचं मत घ्यावं'. मतं येतात, सावकाश येतात आणि येतात ती आपापल्या हद्दीपुरती. हद्दीवर जे घडत असतं ते मात्र कोणाच्याच शेऱ्यात सापडत नाही. हे पत्र त्या हद्दीबद्दल आहे.

आपल्याला शरीररचना शिकवण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. पण पत्र खुलं आहे, पेशंट आणि त्यांचे नातेवाईकही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी चार ओळी. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा घुमटाच्या आकाराचा स्नायू आहे. सिरिंजमधला दट्ट्या खाली ओढला की आत हवा येते, तसंच हे काम. शांत श्वासात तो एखाद-दोन सेंटिमीटर सरकतो, दीर्घ श्वासात 10 सेंटिमीटरपर्यंत. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या श्वासाचं बहुतेक ओझं हा एकटा स्नायू उचलतो. पण त्याला खाली यायचं तर पोटातल्या अवयवांनी जागा करून दिली पाहिजे. पोटात पाणी साठलं, आतडी फुगली, गाठ वाढली, पू झाला किंवा पोटावर चीर पडली, की जागेचं गणित बिघडतं. फुप्फुसं निरोगी असूनही माणूस दमतो. शिवाय हा पडदा हवाबंद भिंत नाही. त्यातून अन्ननलिका जाते, महाधमनी जाते, अधोमहाशिरा जाते, लसवाहिन्या जातात, आणि काही जणांत त्यात डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रंही असतात. त्या छिद्रांकडे मी येणारच आहे.

आधी तपासणीचं. दम लागलेला पेशंट आला की त्याला बसवलं जातं, पाठीला स्टेथोस्कोप लावला जातो, बोटाला ऑक्सिमीटर लावला जातो आणि एक्स-रेला पाठवलं जातं. कपडा पोटापर्यंत बाजूला होतच नाही. माझी विनंती एवढीच, की पेशंटला झेपत असेल तर मिनिटभर त्याला आडवं करा, तळहात बेंबीच्या वर ठेवा आणि नुसतं पाहा. श्वास घेताना हात वर यायला हवा. काही पेशंटांमध्ये तो आत जातो. छाती वर आणि पोट खाली, असा उलटा झोका दिसतो. याचा अर्थ श्वासपटल थकलंय किंवा लुळं पडलंय, आणि मानेचे व फासळ्यांमधले स्नायू कसंबसं काम रेटताहेत. असा पेशंट बहुधा स्वतःहून सांगतो, 'झोपलं की जास्त होतं'. हे वाक्य ऐकलं की आपलं मन हृदयाकडे धावतं आणि ते योग्यच आहे. पण हृदयाचे रिपोर्ट ठीक आले की तपास तिथेच थांबतो, ते योग्य नाही. सोनोग्राफीचा प्रोब फासळ्यांखाली ठेवला तर श्वासपटल हलतंय का, किती हलतंय, हे पाच मिनिटांत कळतं. मशीन वॉर्डातच असतं, फक्त ते पित्ताशयावरच रोखलेलं असतं.

आता पाण्याबद्दल. छातीत पाणी झालेला पेशंट छातीच्या डॉक्टरांकडे जातो, हे रीतसर आहे. पाणी काढलं, तपासलं, पुन्हा भरलं. पुन्हा काढलं, पुन्हा भरलं. यातल्या काहींच्या छातीतलं पाणी मुळात छातीचं नसतंच. लिव्हर सिऱ्होसिसच्या साधारण 5 ते 10 टक्के रुग्णांमध्ये पोटातलं पाणी श्वासपटलातल्या त्या बारीक छिद्रांतून वर जातं, आणि बहुतेक वेळा उजव्याच बाजूला. श्वास घेताना छातीत ऋण दाब तयार होतो, तो पाणी वर खेचतो. कधी कधी इतक्या जोमानं, की पोटात काही उरतच नाही. सोनोग्राफीत जलोदर दिसत नाही आणि लिव्हरवर कोणी संशय घेत नाही. अशा छातीत नळी टाकून ठेवली तर काय होतं हे आपण जाणता: रोज लिटर-लिटरभर पाणी बाहेर, त्याबरोबर प्रथिनं बाहेर, क्षारांचा तोल बिघडलेला, मूत्रपिंडं धोक्यात आणि नळीवाटे जंतूंना वाट मोकळी. नळी टाळावी ही शिफारस जुनी आहे. मीठ कमी, लघवी वाढवणारी औषधं, गरजेपुरतं सुईनं पाणी काढणं, आणि हे पुरत नसेल तर यकृतातल्या रक्ताचा दाब उतरवणारी शंट (रक्ताला दिलेली वळणवाट) किंवा प्रत्यारोपणाचा विचार, असा हा मार्ग यकृताच्या डॉक्टरांच्या दारातून जातो. तरीही मी नळ्या पाहते. त्या टाकणाऱ्यानं फायलीतली फक्त छातीची पानं वाचलेली असतात.

उजवीच बाजू का, हा प्रश्न मला फार दिवस छळत होता. पोटातला द्रव एका जागी पडून राहत नाही. ओटीपोटातून तो उजव्या मोठ्या आतड्याच्या कडेनं वर चढतो आणि यकृताच्या वर, उजव्या घुमटाखाली पोहोचतो. डावीकडे एका पडद्याचा अडसर येतो, त्यामुळे तिकडची वाट तितकी सोपी नसते. श्वासपटलाची पोटाकडची बाजू हा द्रव शोषून घेते. एकदा ही वाट लक्षात आली, की तीन वेगवेगळ्या विभागांतले आजार एका ओळीत येऊन बसतात.

त्यातला पहिला स्त्रीरोग विभागाचा. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ जो मेग्ज यांनी 1937 मध्ये ज्या रुग्ण मांडल्या, त्यांच्यात अंडाशयाची साधी, कर्करोग नसलेली गाठ होती, पोटात पाणी होतं आणि छातीत पाणी होतं, बहुधा उजव्या. गाठ काढली की दोन्हीकडचं पाणी आपोआप ओसरत होतं. आजही अशी स्त्री दाखल झाली की पोटात पाणी, छातीत पाणी, ओटीपोटात गाठ आणि वर रक्तातला सीए-125 (कर्करोगात वाढू शकणारं प्रथिन) वाढलेला, एवढ्यावर 'पसरलेला कर्करोग' असा तर्क होतो आणि घरचे हात टेकतात. त्या पाण्यात कर्करोगाच्या पेशी सापडल्या नाहीत, तर गाठीचं उत्तर हाती येईपर्यंत कोणी आशा सोडू नये आणि सोडायला लावू नये.

दुसरा आजार तर नीट विचारल्याशिवाय सापडतच नाही. तरुण स्त्रीचं उजवं फुप्फुस अचानक मिटतं, छातीत हवा भरते. नळी टाकली, बरी झाली, घरी गेली. काही महिन्यांनी पुन्हा तेच, आणि पुन्हा उजवीकडेच. पाळी सुरू झाल्यापासून तीन दिवसांच्या आतच हे होतंय का, हे कोणी विचारत नाही. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी त्याच उजव्या वाटेनं श्वासपटलापर्यंत येऊन रुजतात, तिथे छिद्रं पाडतात, आणि हवा छातीत शिरते. पाळीची तारीख हा छातीच्या केसपेपरवरचा रकाना असायला हवा, एवढंच मला म्हणायचं आहे. तो नसतो.

तिसरा, पोटातून डायलिसिस घेणाऱ्यांचा. द्रव पोटात सोडला आणि बाहेर कमी आला. वरून दम लागायला लागला. छातीतलं पाणी काढून त्यातली साखर मोजली तर ती रक्तातल्या साखरेपेक्षा बरीच जास्त निघते, कारण ते पाणी म्हणजे डायलिसिसचाच साखरयुक्त द्रव असतो. तपासणी अगदी साधी, पण ती मागवायचं सुचायला हवं.

यकृताचीच आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती आमच्याच सवयीच्या विरोधात जाते. दम लागलेल्याला उठवून बसवा, हे आम्ही पहिल्या वर्षापासून शिकतो. पण यकृताच्या काही रुग्णांच्या फुप्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्या सैलावून रुंद होतात, विशेषतः खालच्या भागातल्या. बसलं किंवा उभं राहिलं की रक्त तिकडेच जास्त वाहतं आणि पुरेसा प्राणवायू न घेताच पुढे निघून जातं. असा पेशंट बसला की ऑक्सिमीटरचा आकडा उतरतो आणि झोपला की सुधारतो. मी उशा लावते आणि तो घसरून पुन्हा आडवा होतो. त्याला 'सहकार्य करत नाही' असं लिहिलेलंही मी वाचलंय. आडवं असताना आणि बसल्यावर, असे दोन आकडे टिपले की गोष्ट उघड होते. पुढची पायरी म्हणजे बुडबुडे मिसळलेलं सलाइन शिरेतून देऊन केलेला इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. बुडबुडे तीन ते सहा ठोक्यांनंतर हृदयाच्या डाव्या बाजूला दिसले, तर वाट फुप्फुसातून आहे. याच्यावरचा खरा इलाज यकृत-प्रत्यारोपण, म्हणजे फुप्फुसाच्या तक्रारीचं उत्तर पुन्हा पोटातच.

डाव्या बाजूची कथा वेगळी आहे. स्वादुपिंडाला सूज आली की पाणी बहुधा डाव्या छातीत साठतं. त्यात अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडातला एक पाचक घटक, मोजलं की प्रश्न सुटतो. पण इथे पाण्यापेक्षा गंभीर गोष्ट दुसरी आहे. स्वादुपिंडातून सुटलेले पाचक रस आणि दाहाची रसायनं रक्तात उतरतात, आणि पहिला मार बऱ्याचदा फुप्फुसांना बसतो. हवेच्या पिशव्यांच्या भिंती पाझरू लागतात. स्वादुपिंडाच्या सुजेच्या 2012 च्या सुधारित अटलांटा वर्गीकरणात आजार तीव्र आहे का, हे ठरवताना तीन संस्था पाहतात: श्वसन, रक्ताभिसरण आणि मूत्रपिंड. यातली एकही संस्था 48 तासांहून जास्त बिघडलेली राहिली, तर आजार तीव्र. म्हणजे पोटाच्या या आजाराची पायरी ठरवताना फुप्फुसांचं काम मोजणं त्या व्याख्येतच आहे. असं असताना पोटाच्या वॉर्डातला चार्ट उघडला, तर तापाचा आलेख रेखीव असतो, लघवीचं माप असतं, आणि श्वसनाचा वेग? सगळ्यांचा 20. पलंग क्रमांक 1 पासून शेवटपर्यंत 20, दिवसभर 20, रात्रीही 20. श्वास मोजायला पूर्ण एक मिनिट पेशंटकडे पाहत उभं राहावं लागतं, आणि एका नर्सला इतके पेशंट दिले की ते मिनिट मिळत नाही. यात मी नर्सना दोष देत नाही. प्रशासकांनी तो आपल्या नावावर घ्यावा.

पुवाबद्दल थोडक्यात. अमिबामुळे यकृतात झालेलं गळू बहुधा उजव्या भागात असतं आणि वरच्या बाजूला वाढलं तर श्वासपटलाला भिडतं. मग उजव्या बरगडीत श्वासाबरोबर कळ येते, कोरडा खोकला येतो, उचकी लागते, उजवा खांदा दुखतो. एक्स-रेत उजवा घुमट वर उचललेला आणि वर थोडं पाणी. याला न्यूमोनिया म्हणून औषधं दिली जातात. गळू फुटून श्वासनलिकेत उतरलं, तर खोकल्यातून चॉकलेटी रंगाचा घट्ट पू पडतो आणि मग कोणालाच शंका उरत नाही. पण तोपर्यंत वाट का पाहायची? उजव्या फासळ्यांच्या मधल्या जागेत बोटानं हलकं दाबून पाहा. पेशंट दचकला तर सोनोग्राफी लगेच. पोटाच्या ऑपरेशननंतर ताप उतरत नाही आणि फुप्फुसाच्या तळाशी 'थोडं पाणी' आहे, तिथेही तसंच. त्या पाण्याखाली, श्वासपटलाच्या पलीकडे पू आहे का, हे बघितल्याशिवाय छातीला दोष देऊ नये.

आंबट पाण्याबद्दल मी फार लिहीत नाही, कारण याविषयी सगळ्यांनी ऐकलेलं आहे; उलट जरा जास्तच ऐकलेलं आहे. जठरातला मजकूर वर येऊन घशात, श्वासनलिकेत उतरतो, आणि अन्ननलिकेला नुसता त्रास झाला तरी नसांच्या वाटेनं खोकल्याची उबळ येते, हे खरं. पण म्हणून प्रत्येक दमेकऱ्याला ॲसिडिटीची गोळी देणं पटत नाही. 2009 मध्ये अमेरिकेत दमा आटोक्यात नसलेल्या 412 जणांवर चाचणी झाली. त्यांना छातीत जळजळीचा त्रास नव्हता किंवा नाममात्र होता. 24 आठवडे दिवसातून दोनदा एसोमेप्रॅझोल देऊनही दम्यात फरक पडला नाही. ती गोळी आम्ल कमी करते, वर येणं थांबवत नाही. रात्री खोकला किती वाजता येतो, जेवण आणि झोप यांत किती अंतर असतं, वाकल्यावर तोंडात आंबट येतं का, हे विचारायला गोळीपेक्षा जास्त वेळ लागतो आणि फायदाही जास्त होतो.

जठरातलं आम्ल फुप्फुसात उतरलं तर काय करू शकतं हे कर्टिस मेंडेलसन यांनी 1946 मध्ये दाखवलं. भूल देऊन झालेल्या बाळंतपणांत जठरातलं अन्न किंवा आम्ल श्वासनलिकेत गेल्याच्या 66 घटना त्यांनी नोंदवल्या आणि सशांवर प्रयोग करून आम्लाचा वाटा वेगळा काढला. ऑपरेशनआधी हलकं अन्न 6 तास आणि नितळ पाणी 2 तास बंद, हा नियम त्याच काळजीतून आलेला आहे. नातेवाइकांनो, 'एक घोट दूध दिलं तर काय होतंय' असं म्हणताना हे आठवा. आणि वॉर्डातल्या डॉक्टरांनो, आतडी अडलेल्या, उलट्या होणाऱ्या पेशंटला सपाट झोपवून सीटीला पाठवताना तुम्हीही.

पोटातल्या जंतांचा विषय छातीच्या ओपीडीत निघत नाही, पण निघायला हवा. शिमेसु कोइनो या जपानी संशोधकानं जंताची 2,000 अंडी स्वतः गिळली आणि काही दिवसांनी स्वतःच्याच थुंकीत अळ्या दाखवल्या. त्यांनी हे 1922 मध्ये मांडलं. अळ्या आतड्यातून रक्तात, रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात आणि गिळल्या की पुन्हा आतड्यात, असा त्यांचा प्रवास. फुप्फुसातून जाताना खोकला, घरघर, एक्स-रेवर आज इथे उद्या तिथे डाग आणि रक्तात इओसिनोफिल (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेले. बहुतेकांचं हे आपोआप निवळतं. धोका वेगळ्या जंताचा आहे. स्ट्राँगिलॉइडिस हा जंत माणसाच्या शरीरातल्या शरीरात पिढ्यान्‌पिढ्या वाढत राहू शकतो, दशकानुदशकं, विशेष त्रास न देता. अशा माणसाला घरघर होते, दमा म्हणून स्टेरॉइड सुरू होतं, प्रतिकारशक्ती दबते आणि अळ्या बेसुमार वाढून फुप्फुसांसह सगळीकडे पसरतात. त्यांच्यासोबत आतड्यातले जिवाणूही रक्तात शिरतात. यात जीव जातो. दीर्घकाळ स्टेरॉइड लिहिण्याआधी इओसिनोफिलचा आकडा पाहणं आणि शंका असेल तर रक्ताची अँटिबॉडी तपासणी करणं, कारण विष्ठेच्या एका तपासणीत हा जंत सहज निसटतो, एवढं तरी नेमानं व्हावं. औषध आहे, साधं आहे.

आयसीयूतल्या मंडळींशी दोन शब्द. व्हेंटिलेटरवर दाब वाढतोय, हवा जात नाहीये, फुप्फुसं कडक झालीत, असं ठरवून आकडे फिरवले जातात. पोट मात्र चादरीखाली असतं. पोटातला दाब 12 मिलिमीटर पारा किंवा त्याहून वर टिकून राहिला तर तो जास्त, आणि 20 च्या वर जाऊन एखादा अवयव नव्यानं बंद पडू लागला तर ती तातडीची वेळ. त्यातला सुमारे निम्मा दाब श्वासपटलातून छातीत पोहोचतो. मोजायला महागडं काही लागत नाही. पेशंटला लघवीची नळी असतेच. मूत्राशयात जास्तीत जास्त 25 मिलिलिटर सलाइन सोडून, पेशंट सपाट आडवा असताना, श्वास सोडून संपला त्या क्षणी आकडा वाचायचा. मग जठरातली हवा काढणं, शौचाला साफ होईल हे बघणं, अडलेलं पाणी काढणं, सलाइनचा मारा आवरणं, यांतलं काही तरी केलं की व्हेंटिलेटरचे आकडे स्वतःहून उतरलेले मी पाहिले आहेत. पोटाचा घेर टेपनं मोजून चालत नाही. घेर आणि दाब यांचं नातं भरवशाचं नाही.

आता माझ्या रोजच्या कामाकडे येते. इथे मला जरा रेंगाळू द्या.

पोटाच्या वरच्या भागात ऑपरेशन झालं की दीर्घ श्वासाची क्षमता जवळजवळ निम्म्यावर येते. टाके दुखतात म्हणून माणूस वरवरचा श्वास घेतो हे दिसतंच. पण दुखणं नीट थांबवलं तरी श्वासपटल काही दिवस आळसावलेलं राहतं, कारण पोटातल्या अवयवांना हात लागला की तिथून निघणाऱ्या संदेशांमुळे त्याची चालना मंदावते. पहिले दोन दिवस सगळ्यात वाईट, मग हळूहळू सुधारत आठवडाभर. या काळात फुप्फुसाचा तळ मिटलेला राहतो, कफ तिथे बसतो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप येतो. मग छातीच्या डॉक्टरांना बोलावणं जातं. खरं बोलावणं ऑपरेशनच्या आधी, आणि आम्हाला, जायला हवं होतं.

हे मी माझ्या धंद्याच्या सोयीनं म्हणत नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या रुग्णालयांत पोटाच्या वरच्या भागाचं मोठं ऑपरेशन ठरलेल्या 441 जणांवर चाचणी झाली आणि 2018 मध्ये तिचे निकाल आले. सगळ्यांना एक माहितीपुस्तिका दिली. निम्म्यांना त्याखेरीज ऑपरेशनआधी फिजिओथेरपिस्टबरोबर अर्धा तास मिळाला, तोही एकदाच. त्या अर्ध्या तासात फुप्फुसं का मिटतात हे समजावलं आणि शुद्धीवर आल्याबरोबर श्वासाचे व्यायाम कसे सुरू करायचे हे करून घेतलं. नुसत्या पुस्तिकेच्या गटात 27 टक्के जणांना फुप्फुसाची गुंतागुंत झाली, अर्धा तास मिळालेल्यांत 12 टक्के. इतक्या स्वस्तात इतका फरक पाडणारं दुसरं काही ऑपरेशनच्या यादीत असेल तर मला कळवा.

प्रत्यक्षात काय होतं? तीन चेंडूंचं प्लास्टिकचं खेळणं दिलं जातं. बिलात लागतं. पेशंटच्या कपाटावर ते पिशवीसकट उभं असतं. पिशवी फाडलीच तर पेशंट त्यात फुंकतो, ओढायचं असतं हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं, आणि चेंडू हलत नाहीत म्हणून तो ते बाजूला ठेवतो. नुसत्या या उपकरणानं पोटाच्या ऑपरेशननंतर फायदा होतो असं 2014 च्या कॉक्रेन आढाव्यातही, म्हणजे अनेक चाचण्या एकत्र पडताळून काढलेल्या निष्कर्षातही, दिसलेलं नाही. मी ते वापरते, पण मुख्य काम दुसरंच असतं. घडी केलेली जाड उशी किंवा टॉवेल टाक्यांवर दोन्ही हातांनी धरायचा, पाय गुडघ्यात वाकवायचे, नाकानं सावकाश श्वास भरून तो तीन मोजेपर्यंत आत ठेवायचा, आणि उशी दाबून धरत घशातून नव्हे, पोटातून खोकायचं. पहिला खोकला रडवतो. दुसऱ्याला कफ हलतो. त्यानंतर पेशंट माझ्याकडे ज्या नजरेनं पाहतो, तिच्यात राग आणि आराम निम्मे-निम्मे असतात. हे सगळं ऑपरेशनआधी, दुखत नसताना शिकवलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी मला फक्त आठवण करावी लागते. आधी शिकवलं नसेल तर गुंगीतल्या, घाबरलेल्या माणसाला नव्यानं शिकवायचं, आणि तेवढ्यात राउंड येतो.

वेदनाशामकाची वेळ आणि माझी वेळ जुळवा, हीही जुनी मागणी. इंजेक्शन सकाळी 8 ला, मी 12 ला; मधल्या काळात त्याचा असर संपलेला. पोट फुगलेलं नसताना नाकातली नळी सवयीनं दोन-दोन दिवस ठेवू नका, ती असताना खोकणं आणि गिळणं दोन्ही अवघड होतं. आणि 'पेशंटला उठवू नका, टाके आहेत' हे वाक्य वॉर्डातून कायमचं हद्दपार करा.

उलट्या दिशेचं एक सांगायचं राहिलं. फुप्फुसाच्या तळाचा न्यूमोनिया पोटदुखी म्हणून येतो, मुलांमध्ये विशेष. छातीच्या खालच्या भागाला आणि पोटाच्या भिंतीला नसा त्याच फासळ्यांमधल्या पुरवतात, त्यामुळे मूल बोट पोटावर ठेवतं. अपेंडिक्स म्हणून टेबलावर घेण्याआधी त्याचा श्वास मोजा, नाकपुड्या फुलताहेत का ते बघा. ताप चढलेला, श्वास जलद आणि पोट मात्र धीरानं दाबलं तर मऊ, असं असेल तर एक्स-रे छातीचा काढा.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. छातीच्या केसपेपरवर पोटाच्या तपासणीसाठी छापील जागा हवी, आणि स्त्रियांसाठी पाळीच्या तारखेची. पोटाच्या चार्टवर श्वसनाचा वेग पूर्ण मिनिट मोजून लिहिला जावा आणि त्यासाठी नर्सची संख्या वाढवावी. छातीतलं पाणी तपासायला पाठवताना अमायलेज, साखर आणि पेशी हे पर्याय त्याच फॉर्मवर असावेत, खूण करायला सोपे. पोटाच्या वरच्या भागाचं ऑपरेशन ठरलं, की भूलतज्ज्ञांच्या तपासणीच्याच दिवशी, त्याच मजल्यावर, अर्धा तास आमच्यासाठी राखावा. आणि आठवड्यातून एकदा पोटाच्या व छातीच्या डॉक्टरांनी एकत्र राउंड घ्यावा. सुरुवात आयसीयूपासून केली तरी चालेल. वेळ आपण ठरवा, मी फायली काढून ठेवीन.

आपली,
एक श्वसन-फिजिओथेरपिस्ट